जाड पत्र्याची परीक्षा: १९५९ ची बेल एअर विरुद्ध २००९ ची मॅलिबू

जुन्या गाडीच्या दारावर बोटांनी टकटक करून 'याला म्हणतात पत्रा' असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. त्याचं म्हणणं खोटंही वाटत नाही. जुन्या गाडीचं दार लागतानाचा आवाज भारदस्त असतो. बंपर खरोखरच लोखंडी असतो. गर्दीत गाडी मागेपुढे करताना घासली तर नवीचा प्लॅस्टिकचा बंपर तडकतो आणि जुनीवर जेमतेम ओरखडा उमटतो. त्यावरून पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो: मोठ्या अपघातात नवी गाडी काडेपेटीसारखी चेपेल आणि जुनी उभी राहील.

हा निष्कर्ष तपासण्याचा सरळ मार्ग एकच. जुनी आणि नवी गाडी घ्यायची आणि दोघींना समोरासमोर धडकवायचं. सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेत नेमकं हेच केलं गेलं. त्याचं चित्रीकरण तेव्हापासून जगभर फिरतं आहे आणि बहुतेक गाडीवेड्यांनी ते पाहिलेलं असतं. तरी त्यातून नेमकं काय सिद्ध होतं यावर आजही वाद घातला जातो. म्हणून हे एकच प्रकरण घेऊन जरा खोलात जातो.

दोन शेवरोले

'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' ही विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी अमेरिकी संस्था. तिची स्थापना १९५९ ची. पन्नाशीच्या निमित्ताने तिने आपल्या जन्मवर्षातली एक गाडी आणि चालू वर्षातली एक गाडी निवडली. दोन्ही शेवरोले, दोन्ही चार दारांच्या, दोन्ही आपापल्या काळातल्या सर्वसामान्य कुटुंबाने घ्याव्यात अशा. एक १९५९ ची बेल एअर, दुसरी २००९ ची मॅलिबू. जागा व्हर्जिनिया राज्यातल्या रकर्सव्हिल इथली संस्थेची स्वतःची प्रयोगशाळा.

बेल एअर ही त्या वर्षीच्या शेवरोलेच्या रांगेतली मधली गाडी. वर इम्पाला, खाली बिस्केन. मागच्या बाजूला आडवे पसरलेले पंख, त्याखाली अश्रूच्या आकाराचे दिवे आणि क्रोमची सढळ उधळण. डिझाइनच्या इतिहासात ही गाडी हौसेने दाखवली जाते, आणि ते योग्यच आहे. पण आत शिरल्यावर सीटबेल्ट नाही. एअरबॅगचा तर प्रश्नच नाही. डॅशबोर्ड उघड्या धातूचा, स्टिअरिंगचा दांडा सरळ आणि ताठ, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्या सगळ्यांना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकच, म्हणजे एका नळीला गळती लागली की चारही ब्रेक धोक्यात.

मॅलिबू ही बाकी दिसायला साधी, चारचौघींत हरवून जाणारी सेडान. या पिढीच्या मॅलिबूला २००८ सालचा उत्तर अमेरिकेतला 'कार ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला होता, पण तिचं पोस्टर कोणी भिंतीवर लावलं असेल असं वाटत नाही.

आकारात बेल एअर कितीतरी मोठी. तिची लांबी सुमारे ५.३६ मीटर. मॅलिबू ४.८७ मीटर. रुंदीत बेल एअर दोन मीटरच्या वर, मॅलिबू १.८ मीटरच्याही आत. एवढा फरक असूनही वजनात दोघी जवळजवळ बरोबरीच्या, साधारण दीड आणि पावणेदोन टनांच्या दरम्यान. 'जुनी म्हणजे रणगाडा' या समजुतीला पहिला धक्का चाचणी सुरू होण्याआधी इथेच बसतो. लांबरुंद कवचात हवा पुष्कळ होती, धातू तितका नव्हता.

दोन्ही गाड्या ताशी ४० मैल, म्हणजे ६४ किलोमीटरच्या वेगाने एकमेकींवर सोडल्या. धडक संपूर्ण समोरासमोर नव्हती. फक्त ड्रायव्हरकडची, म्हणजे अमेरिकेत डावी, बाजू एकमेकींवर येईल अशी गाड्यांची आखणी होती. रस्त्यावर समोरून येणारी गाडी अर्धवट आपल्या बाजूला घुसते तेव्हा असंच होतं. गाडीच्या दृष्टीने ही धडक जास्त कठीण, कारण सगळा मार पुढच्या भागाच्या एका बाजूला सोसावा लागतो.

निकाल

नुसत्या डोळ्यांना सगळं एका क्षणात संपल्यासारखं दिसतं. संथ गतीत पाहिलं की एकेक गोष्ट सुटी होते.

बेल एअरचं नाक दबलं आणि दबतच गेलं. पुढचा खांब, म्हणजे काच आणि दार यांच्यामधला आधार, मागे वाकला. छत मुडपलं. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग वर आणि मागे, ड्रायव्हरच्या अंगावर आलं. डमीचं, म्हणजे ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचं, डोकं आधी स्टिअरिंगच्या कड्यावर आणि मधल्या भागावर आपटलं, मग छतावर आणि डॅशबोर्डच्या उघड्या धातूवर. पुढची काच पूर्ण निखळली. ड्रायव्हरचं दार उघडलं. पुढची सीट डाव्या बाजूला जमिनीपासून उपटली गेली. ज्या जागेत माणूस बसतो ती जागाच शिल्लक राहिली नाही. संस्थेच्या तज्ज्ञांच्या मते असा ड्रायव्हर वाचणं कठीण होतं.

मॅलिबूचं नाकही पार चुरगळलं. फोटोत फक्त बोनेट पाहिलं तर दोन्ही गाड्या सारख्याच भंगारात काढण्याजोग्या दिसतात. पण मॅलिबूची पुढची काच जागेवर होती, दाराची चौकट जवळजवळ सरळ होती आणि डमी सीटबेल्ट व एअरबॅग यांच्यामध्ये अडकून आपल्या जागी होता. नोंदींवरून डोक्याला आणि छातीला गंभीर इजेची शक्यता कमी दिसली. पायाला, घोट्याच्या खाली दुखापत होऊ शकली असती.

निकाल एवढाच. वादाला खरी सुरुवात त्यानंतर झाली.

'इंजिन काढून टाकलं होतं'

चित्रीकरण बाहेर येताच जुन्या गाड्यांच्या चाहत्यांनी हरकती घेतल्या. काही रागातून आल्या होत्या. पन्नास वर्षं जपलेली चालती गाडी एका सेकंदात संपवली याचं दुःख मलाही समजतं. पण काही हरकती तांत्रिक होत्या आणि त्यांना तांत्रिक उत्तर द्यायला हवं.

पहिली हरकत: बेल एअरमध्ये इंजिन नव्हतंच, नाहीतर ती इतकी चेपली नसती. संस्थेने खुलासा केला की इंजिन जागेवर होतं, ३.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं. मग चित्रीकरणात ते आड आल्याचं का जाणवत नाही? या इंजिनाचे सहाही सिलिंडर एका रांगेत असतात. ते लांब पण अरुंद असतं आणि त्या ऐसपैस बोनेटखाली मधोमध बसतं. धडक बसली डाव्या बाजूला. समोरच्या गाडीचा बराचसा भाग इंजिनाच्या शेजारून, जवळजवळ मोकळ्या जागेतून आत आला. जुन्या गाडीचं बोनेट उघडून बाजूला उभं राहून दुरुस्ती करता येते म्हणून आपण खूश होतो ना, तीच ही मोकळी जागा. तिथे काही नव्हतं म्हणून तिथे कोणी अडवलंही नाही.

दुसरी हरकत गंजाची. धडकेच्या वेळी बेल एअरमधून तांबूस धुळीचा लोट उठताना स्पष्ट दिसतो. गाडी आतून गंजून खलास झाली होती, असं त्यावरून म्हटलं गेलं. संस्थेचं म्हणणं असं की सांगाडा आणि बॉडी शाबूत होती, उडाला तो वरवरचा गंज आणि अर्ध्या शतकात साचलेली माती. याबाबतीत बाहेरून पाहणाऱ्याला शंभर टक्के खात्री देता येणार नाही. पण पत्रा कागदासारखा फाटत गेल्याचं चित्रीकरणात दिसत नाही. तो वाकतो, दुमडतो, मुडपतो. साधं, मऊ पोलाद मार खाल्ल्यावर असंच वागतं. गंजाने काही टक्के बळ कमी झालं असेल असं धरलं, तरी ज्या पद्धतीने सगळी केबिन ढासळली ती गंजाच्या खात्यावर टाकता येत नाही.

तिसरी हरकत मला सगळ्यांत वजनदार वाटते. १९५८ ते १९६४ या काळातल्या मोठ्या शेवरोले गाड्यांचा सांगाडा इंग्रजी 'एक्स' अक्षराच्या आकाराचा होता. बहुतेक गाड्यांत दोन लांब दांडे प्रवाशांच्या दोन्ही बाजूंनी पुढून मागे जातात. इथे ते दांडे मध्यभागी एकत्र येऊन पुन्हा फाकत होते. त्यामुळे गाडीची जमीन खाली नेता आली, गाडी बुटकी आणि देखणी झाली. पण प्रवाशांच्या शेजारी, कडेला आधार देणारा दांडा राहिला नाही. या सांगाड्यावर त्या काळातही टीका झाली होती, विशेषतः बाजूने बसणाऱ्या धडकेच्या संदर्भात. म्हणजे संस्थेने मुद्दाम कमकुवत गाडी निवडली का?

निवडीमागचा हेतू कोणी सिद्ध करू शकत नाही. पण हरकतीची परीक्षा दुसऱ्या प्रकारे होऊ शकते: असा सांगाडा नसलेली जुन्या आराखड्याची गाडी घ्यायची. तशी चाचणीही पुढे झाली. २०१६ मध्ये त्याच प्रयोगशाळेत निस्सान त्सुरू आणि निस्सान व्हर्सा यांची टक्कर लावली. त्सुरू हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा आराखडा. त्यात वेगळा सांगाडा नव्हताच, आजच्या गाड्यांसारखी बॉडी आणि सांगाडा एकच होते. आणि गाडी जुनी, गंजलेली नव्हती. मेक्सिकोत ती त्या वर्षीही नवी कोरी विकली जात होती. निकाल तोच लागला. त्सुरूची केबिन ढासळली, व्हर्साची टिकली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी चाचण्या घेणाऱ्या संस्थेने १९९८ ची कोरोला २०१५ च्या कोरोलावर सोडली. तिथेही तेच. तीन चाचण्या, तीन वेगळ्या जुन्या गाड्या. तेव्हा बेल एअरच्या पराभवात 'एक्स' सांगाड्याचा वाटा असेल, पण केवळ त्याच्या नावावर प्रकरण मिटवता येत नाही.

थांबायला किती जागा मिळते

आता मुद्द्याची गोष्ट. पत्रा जाड असूनही जुनी गाडी का हरते?

ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १८ मीटर. या वेगातून शून्यावर येताना माणसाच्या शरीरावर किती भार पडतो हे एकाच गोष्टीवर ठरतं: थांबायला किती अंतर मिळालं. हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. थांबायला ६० सेंटीमीटर मिळाले तर सरासरी भार गुरुत्वाकर्षणाच्या २७ पट येतो. ३० सेंटीमीटर मिळाले तर ५४ पट. आणि पाचच सेंटीमीटर मिळाले तर ३२० पटींच्या वर. प्रत्यक्षात भार सतत सारखा नसतो, काही क्षणी सरासरीहून बराच वर जातो, पण अंदाज यायला एवढं पुरे. पहिल्या आकड्यात पट्ट्याने बांधलेला माणूस वाचतो. शेवटच्यात कोणी वाचत नाही.

पाच सेंटीमीटर हा आकडा येतो कुठून? सीटबेल्ट नसलेल्या माणसाकडून. गाडीचं नाक चेपत असतं, गाडी मंदावत असते, पण आत बसलेल्या माणसाला अजून कोणी धरलेलं नसतं. तो मूळ वेगानेच पुढे जात राहतो. गाडीच्या नाकाने मिळवलेलं थांबण्याचं अंतर त्याच्या उपयोगी पडत नाही. तो थांबतो तो स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर, आणि तिथे धातू जेवढा दबेल तेवढंच अंतर त्याच्या वाट्याला येतं. अपघातात खरं तर दोन धडका होतात, एक गाडीची आणि दुसरी माणसाची. सीटबेल्टचं काम माणसाला पहिल्या धडकेत सामील करून घेण्याचं आहे, म्हणजे नाक चुरगळण्याचा फायदा त्याला मिळतो. एअरबॅग त्यात आणखी थोडं अंतर घालते आणि भार डोक्याच्या एका बिंदूवर न पडता पसरवते.

म्हणूनच मॅलिबूचं चुरगळलेलं नाक हे गाडी मोडल्याचं नव्हे, तर काम पूर्ण केल्याचं चिन्ह आहे. ते चुरगळावं म्हणूनच बनवलेलं असतं: कुठे घडी पडेल, कोणती नळी आधी दबेल, भार कोणत्या वाटेने जमिनीकडे आणि दारांच्या चौकटीकडे वळेल, हे आधी ठरवलेलं असतं. त्याच्या मागे केबिन मात्र वाकू नये म्हणून. आजच्या गाड्यांत खांब आणि चौकटी अनेकदा अतिशय उच्च बळाच्या पोलादाच्या असतात. हे पोलाद साच्यात तापवून घडवतात आणि त्याची ताकद पन्नासच्या दशकातल्या साध्या पत्र्याच्या अनेक पट असते. पत्र्याची जाडी बघून ही ताकद कळत नाही, आणि बोटांनी टकटक करून तर नाहीच.

बेल एअरमध्ये उतरंड उलटी होती. बंपर जाडजूड आणि ताठ. त्यामागचं नाक धडकेची ऊर्जा नीट शोषून घ्यायला बनवलेलं नाही. आणि केबिन नाकाहून फारशी बळकट नाही. पार्किंगमधल्या ठोकरीत ताठ बंपर जिंकतो, कारण तिथे जिरवायला ऊर्जा फारशी नसते. ताशी ६४ किलोमीटरला दीड टनाहून जड गाडीजवळ सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा असते. ती कुठे तरी जायलाच हवी. तिला जायला ठरवून दिलेली जागा नसेल तर ती आपली वाट स्वतः शोधते, आणि बेल एअरमध्ये ती वाट खांब, छत आणि स्टिअरिंगच्या दांड्यातून ड्रायव्हरपर्यंत गेली.

काचेबद्दल सहसा कोणी बोलत नाही. जुन्या गाड्यांत पुढची काच रबरी पट्टीत बसवलेली असे, धक्का बसला की सुटायची. आता ती चिकट द्रव्याने बॉडीला पक्की जोडतात आणि ती चौकटीला ताठ ठेवायला मदत करते. शिवाय काही गाड्यांत प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग फुगताना काचेचाच टेकू घेते. दार उघडणं आणि काच निखळणं यांचा एकत्र अर्थ असा की न बांधलेला माणूस गाडीबाहेर फेकला जाऊ शकतो, आणि बाहेर फेकला गेलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता खूपच घटते.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. दोन्ही गाड्या ६४ च्या वेगाने एकमेकींवर आल्या म्हणजे ताशी १२८ किलोमीटरने भिंतीवर आदळल्यासारखं झालं, असं अनेकजण सांगतात. तसं नाही. वजन जवळजवळ सारखं असेल तर प्रत्येक गाडीच्या वेगात होणारा बदल साधारण ६४ चाच असतो. ऊर्जा दुप्पट असते हे खरं, पण ती जिरवायला गाड्याही दोन असतात.

१९५९ मध्ये काय माहीत होतं

'तेव्हा हे ज्ञानच नव्हतं, बिचाऱ्या बेल एअरचा काय दोष' असं म्हणणं सोपं आहे. पण १९५९ हेच वर्ष नीट पाहिलं की ते म्हणणं टिकत नाही.

त्याच वर्षी मर्सिडीजने डब्ल्यू १११ ही सेडान आणली. तिच्या पुढच्या आणि मागच्या भागाची रचना ठरवून चुरगळण्यासाठी केली होती आणि मधली केबिन ताठ ठेवली होती. यामागे बेला बारेनी या अभियंत्याची कल्पना होती. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच तिचं पेटंट घेतलेलं होतं. गंमत म्हणजे डब्ल्यू १११ लाही मागे पंख होते, म्हणजे फॅशन तीच आणि आतला विचार वेगळा. आणि त्याच १९५९ मध्ये व्होल्वोने तीन बिंदूंचा सीटबेल्ट आपल्या गाड्यांत द्यायला सुरुवात केली. तो बनवणारे निल्स बोलिन आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करत होते. व्होल्वोने या पट्ट्याचं पेटंट इतर कंपन्यांना वापरायला खुलं ठेवलं.

अमेरिकेतही अंधार नव्हता. फोर्डने १९५६ मध्ये खोलगट स्टिअरिंग, दाराची अधिक घट्ट कडी, आणि जास्तीचे पैसे मोजल्यास सीटबेल्ट व मऊ डॅशबोर्ड द्यायला सुरुवात केली होती. त्या वर्षी विक्रीत शेवरोलेच पुढे राहिली, आणि सुरक्षितता विकली जात नाही असा धडा उद्योगाने त्यातून काढला. तो धडा बरोबर होता की सोयीचा, यावर मत वेगळं असू शकतं. मला तो सोयीचा वाटतो.

पुढचं काम कायद्याने करून घेतलं. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याखालच्या नियमांनुसार १९६८ पासून नव्या मोटारींत सीटबेल्ट, धडकेत दबणारा स्टिअरिंगचा दांडा आणि दोन स्वतंत्र भागांची ब्रेक व्यवस्था सक्तीची झाली. डोक्यामागचा आधार १९६९ मध्ये आला. पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीच्या व्हायला नव्वदचं दशक सरत आलं. अर्धवट धडकेची चाचणी खुद्द या संस्थेने १९९५ मध्ये सुरू केली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कंपन्यांनी केबिन मजबूत करायला जो वेग घेतला तो आधी दिसला नव्हता. जाहीर निकालात 'वाईट' असा शेरा आपल्या गाडीवर बसणं कोणत्याच कंपनीला परवडत नाही. यातल्या काही पायऱ्यांना दशकं लागली.

या चाचणीतून काय निघत नाही

चाचणी एकच होती, वेग एकच होता, धडकेचा प्रकार एकच होता. तिच्यावरून आकडेवारी काढणं चूक आहे.

दुसरं असं की मॅलिबूला एक फायदा मिळाला होता. समोरची गाडी मऊ असेल तर तिचं चेपणं आपल्याही कामी येतं. बेल एअरची केबिन जेवढी आत गेली तेवढं जास्तीचं अंतर मॅलिबूलाही मिळालं. समोर दुसरी मॅलिबू असती तर दोन्ही डमींचे आकडे याहून थोडे वाईट आले असते, असं मला वाटतं. याचा दुसरा अर्थ जास्त अस्वस्थ करणारा आहे: आजच्या रस्त्यावर जुनी गाडी चालवणारा माणूस समोरच्याची चुरगळण्याची जागा बनतो.

तिसरं, रस्त्यावरचे मृत्यू कमी झाले ते फक्त गाड्यांमुळे नव्हे. अमेरिकेत १९५९ मध्ये दर १० कोटी मैल प्रवासामागे ५ हून अधिक माणसं मरत होती. २००९ मध्ये हा आकडा १.१५ च्या आसपास आला. वर्षाचे एकूण मृत्यू मात्र ३६ हजारांवरून ३४ हजारांच्या जवळ, म्हणजे थोडेच कमी, कारण या काळात गाड्यांचं एकूण धावणं चौपटीहून जास्त वाढलं. दर घटण्यात रस्त्यांची आखणी, दारू पिऊन चालवण्याविरुद्धचे कायदे, पट्टा बांधण्याची सक्ती, तातडीची वैद्यकीय मदत या सगळ्यांचा वाटा आहे. तुलनेत गाडीचं श्रेय किती हे या एका टकरीतून मोजता येत नाही.

आणि धडक टाळण्याबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. गाड्या रुळावरून ओढत आणून आदळल्या होत्या, ब्रेक कोणी लावला नाही. प्रत्यक्षात मॅलिबूचे ब्रेक, टायर आणि घसरण रोखणारी यंत्रणा पाहता तिचा ड्रायव्हर धडकेपर्यंत पोचण्याआधीच थांबण्याची शक्यता जास्त. जुन्या गाडीच्या बाजूने इथे एक मुद्दा सांगितला जातो: खांब बारीक आणि काच मोठी असल्याने चौफेर दिसतं. हे खरं आहे. आजच्या गाड्यांचे पुढचे खांब इतके रुंद झालेत की वळणावर त्यांच्याआड पायी चालणारा माणूस दडतो. केबिन वाचवण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी

हे सगळं वाचून कोणी जुनी गाडी विकावी असं मी म्हणणार नाही. तिची मजा वेगळी आहे आणि ती मॅलिबूत नाही. पण काही गोष्टी ठरवून करता येतात.

सीटबेल्ट बसवून घेणं सगळ्यांत फायद्याचं, मात्र तो पत्र्याला नव्हे तर मजबुती दिलेल्या जागी, मागून जाड पट्टी लावून बसवायला हवा. नाहीतर धडकेत बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. कमरेचा पट्टा एकटा असेल तर माणूस सीटवर राहतो, पण वरचा भाग पुढे झुकून डोकं स्टिअरिंगवर जाण्याचा धोका राहतोच. तीन बिंदूंचा बसवता आला तर उत्तम. बसवण्याआधी सीटच जमिनीला नीट घट्ट आहे का हे बघून घ्या. बेल एअरची सीट उपटली गेली होती, आणि पट्ट्याने बांधलेल्या माणसाच्या मागून सुटलेली सीट आदळली तर पट्ट्याचा भार आणखी वाढतो. मास्टर सिलिंडर दोन भागांचा करून घेणं हे काम अनेक जुन्या गाड्यांत तुलनेने सोपं असतं आणि बाहेरून दिसतही नाही, त्यामुळे गाडीचं मूळ रूप बिघडल्याची तक्रार करायला जागा उरत नाही. मुलांना अशा गाडीत लांबच्या प्रवासाला नेऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

स्टिअरिंगचा ताठ दांडा आणि ढासळणारी केबिन यांवर मात्र पट्ट्याने उपाय होत नाही. तिथे हातात राहतो तो वेग. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि तशीच कमीही होते. ताशी ६४ ऐवजी ४० किलोमीटरच्या वेगाने गेलात तर धडकेच्या वेळी गाडीजवळ त्या चाचणीतल्या ऊर्जेच्या ४० टक्क्यांहूनही कमी ऊर्जा असेल. द्रुतगती मार्ग टाळून, सकाळी रहदारी कमी असताना, आतल्या रस्त्याने चाळिशीच्या वेगात जा. पन्नासच्या दशकातल्या ब्रेकनाही तोच वेग झेपतो.